नरसिंह रावांवरचा अभ्यासवर्ग: पैसे वसूल, मूल्यमापन अपुरे

नागपुरात शंकरनगर चौकाच्या आसपास एका खासगी अभ्यासमंडळातर्फे दिवंगत राष्ट्रीय नेत्यांच्या राजकीय कारकिर्दीवर सशुल्क अभ्यासवर्ग घेतले जातात. यंदाचा वर्ग माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्यावर होता. शनिवार-रविवारची सत्रे, छापील टिपणपुस्तिका, चहा-फराळ, रविवारचे जेवण आणि समारोपाला नागपूर जिल्ह्यातल्या रामटेकची सहल, असे सगळे मिळून दीड हजार रुपये शुल्क आकारले गेले. वर्ग संपल्यावर आयोजकांनी सर्वांकडून लेखी अभिप्राय मागवला होता. त्या अर्ध्या पानाच्या अर्जात जे मावले नाही, ते येथे सविस्तर मांडत आहे. थोडक्यात सांगायचे तर दिलेल्या पैशांचा मोबदला मिळाला, व्यवस्थेत नाव ठेवायला जागा नव्हती आणि व्याख्याते तयारीने आले होते. मात्र ज्यासाठी आम्ही नाव नोंदवले होते ते, म्हणजे एका माजी पंतप्रधानाच्या राजकीय वारशाचे चिकित्सक मूल्यमापन, या वर्गात अर्धेच झाले.

नागपूरकरांसाठी हा विषय परका नाही. राव मूळचे तेलंगणाचे असले तरी त्यांचे कायद्याचे शिक्षण नागपुरात झाले, ते मराठी अस्खलित बोलत आणि हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवादही केला होता. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत हनमकोंडा मतदारसंघात त्यांचा भाजपच्या चंदुपटला जंगा रेड्डी यांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत रामटेकने त्यांना लोकसभेत पाठवले आणि १९८९ मध्ये पुन्हा निवडून दिले. १९९१ मध्ये ते निवडणुकीला उभेच नव्हते. २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली, काँग्रेसला बहुमत नसतानाही सरकार बनवावे लागले आणि २१ जून १९९१ रोजी, संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसताना, राव पंतप्रधान झाले. नंतर नोव्हेंबरमध्ये ते आंध्रातील नंद्याळमधून पोटनिवडणुकीत निवडून आले. पंतप्रधान म्हणून ते रामटेकचे खासदार नव्हते, हे खरे. परंतु १९८४ मध्ये स्वतःच्या प्रांतात हरलेल्या या नेत्याचे दिल्लीतले स्थान रामटेकच्या मतदारांनी टिकवले, आणि म्हणून त्यांच्या कारकिर्दीची बरी-वाईट जमाखर्चाची वही आपणही उघडून पाहिली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

व्यवस्थेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. सभागृह प्रशस्त होते, ध्वनिक्षेपक नीट चालत होता, सत्रे छापील वेळापत्रकानुसार सुरू झाली आणि वेळेत संपली. जेवण साधे आणि रुचकर होते. ज्येष्ठ नागरिकांसाठी पुढच्या रांगा राखून ठेवल्या होत्या, ही बाब विशेष उल्लेखनीय. एकच मोठी उणीव जाणवली ती प्रश्नोत्तरांच्या पद्धतीत, आणि तिच्याविषयी पुढे लिहितो, कारण ती विषयाशीच निगडित आहे.

आर्थिक सुधारणांवरचे सत्र हे या वर्गाचे सर्वांत समृद्ध सत्र होते. परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती, जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवावे लागले, आणि त्याआधी चंद्रशेखर सरकारच्या काळातच २० टन सोने विकले गेले होते, हा सगळा क्रम व्याख्यात्यांनी न गोंधळता उलगडून सांगितला. संकटाचे खापर किंवा उपायाचे श्रेय एकाच माणसावर न लादण्याची ही दक्षता मला आवडली. रुपयाच्या अवमूल्यनाची हकिगत तर त्यांनी फार बारकाईने सांगितली. १ जुलैला पहिला टप्पा जाहीर झाला. दुसरा टप्पा ३ जुलैला होता. त्या सकाळी राव डळमळले आणि दुसरा टप्पा थांबवावा असे त्यांनी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांना सांगितले. सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर सी. रंगराजन यांना दूरध्वनी केला, तेव्हा घोषणा होऊन गेली होती. पंतप्रधानाच्या मनातली धास्ती आणि काही मिनिटांच्या फरकाने हातातून निसटलेला निर्णय, हे त्या प्रसंगातून जसे समजते तसे आकडेवारीच्या कोणत्याही तक्त्यातून समजणार नाही.

२४ जुलै १९९१ या दिवसाचे वर्णनही नेमके होते. उद्योग खाते रावांनी स्वतःकडे ठेवले होते. तरीही नवे औद्योगिक धोरण त्यांनी स्वतः सभागृहात मांडले नाही. राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी ते पटलावर ठेवले आणि काही तासांतच मनमोहन सिंग अर्थसंकल्पासाठी उभे राहिले, त्यामुळे देशाचे लक्ष अर्थसंकल्पाकडे गेले. अठरा उद्योग वगळता परवाना पद्धत संपली, चौतीस प्राधान्य उद्योगांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय भांडवलाला वाट मोकळी झाली, आणि हे सर्व नेहरू, इंदिरा गांधी व राजीव गांधी यांच्याच धोरणाचा पुढचा टप्पा म्हणून मांडण्यात आले. व्याख्यात्यांनी याला मुत्सद्देगिरीचा कळस म्हटले. टिपणपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर रावांच्या छायाचित्राखाली ‘आधुनिक चाणक्य’ असे छापलेलेच होते, आणि पुढची सर्व सत्रे त्या दोन शब्दांना जागली.

माझा मूळ आक्षेप येथून सुरू होतो. बहुमत नसलेल्या सरकारने एवढा मोठा बदल कसा घडवून आणला, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण हा बदल लोकांना समजावून न सांगता घडवल्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे आणि तो वर्गात कोणी विचारला नाही. अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या गेल्या; गदारोळ झाल्यावर ती वाढ ३० टक्क्यांवर आणून अल्पभूधारकांना सवलत देण्यात आली. शेतकऱ्याच्या वाट्याला सुधारणा आल्या त्या अशा, खर्चाच्या बाजूने. कारखानदाराचा परवाना गेला, परंतु विदर्भातल्या कापूस उत्पादकाला राज्याच्या एकाधिकार खरेदी योजनेबाहेर माल विकण्याची मुभा नव्हती आणि कापसाच्या निर्यातीवर केंद्राचे कोटे कायम होते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने त्या काळात खुल्या बाजारपेठेची बाजू घेतली, जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाचे समर्थनही केले. म्हणजे सुधारणांची उघड चर्चा करायला तयार असलेला, लाखोंचे मेळावे भरवू शकणारा एक वर्ग याच भूमीत उभा होता. सरकारने त्याला सोबत घेऊन शेतीच्या बंधनांचा प्रश्न धसास लावला नाही. नागपुरात भरणाऱ्या वर्गात कापसाचा साधा उल्लेखही होऊ नये, ही उणीव मला फार लागली. एन. के. पी. साळवे हे आपल्या शहराचे नेते त्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री होते आणि एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाला केंद्राची प्रतिहमी त्याच काळात मिळाली. तोही विषय आला नाही.

सुधारणा आडून आणल्या म्हणून त्या टिकल्या, असा एक युक्तिवाद आहे, आणि तो मी सहज झटकून टाकणार नाही. १९९६ नंतर आलेल्या कोणत्याही सरकारने परवाना पद्धत परत आणली नाही, हा त्या युक्तिवादाचा भक्कम पुरावा आहे. तथापि आडून केलेल्या कामाला वाली मिळत नाही. काँग्रेसने या सुधारणांची मालकी कधी छाती पुढे काढून घेतली नाही. १९९६ मध्ये पक्ष १४० जागांवर आला आणि त्यानंतर कित्येक वर्षे रावांचे नाव पक्षाच्या व्यासपीठावरून आदराने घेतले जाणे दुर्मीळ झाले. २३ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा पार्थिव दिल्लीतील पक्ष मुख्यालयाच्या आत नेऊ दिले नाही, ही गोष्ट व्याख्यात्यांनी पक्षाच्या कृतघ्नतेचा दाखला म्हणून सांगितली. ती कृतघ्नता होतीच, याविषयी दुमत नको. पण ज्या नेत्याने सगळे निर्णय स्वतःच्या आणि चार अधिकाऱ्यांच्या खोलीत ठेवले, त्याच्या निर्णयांशी पक्षाच्या कार्यकर्त्याचे नाते जुळणार कसे, हेही त्या ओघात विचारायला हवे होते.

पक्षाचा विषय निघाला म्हणून तिरुपतीच्या अधिवेशनाकडे वळतो. एप्रिल १९९२ मध्ये, जवळजवळ वीस वर्षांच्या खंडानंतर, काँग्रेसच्या कार्यकारिणीची निवडणूक झाली. अर्जुन सिंह आणि शरद पवार यांच्यासारखे नेते मतांनी निवडून आले. त्यानंतर, निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी आणि महिला नाहीत असे कारण देऊन, निवडलेल्या सदस्यांचे राजीनामे घेण्यात आले आणि या नेत्यांना पक्षाध्यक्षांनी, म्हणजे रावांनीच, नेमलेल्या सदस्यांच्या यादीत टाकण्यात आले. दिलेले कारण रास्त होते. वापर प्रतिस्पर्ध्यांचे पंख छाटण्यासाठी झाला. टिपणपुस्तिकेत या घटनेला दोन ओळी मिळाल्या असून त्यातही रावांनी ‘पक्षांतर्गत आव्हान कौशल्याने परतवले’ एवढेच म्हटले आहे. पक्षात मतदानाची प्रथा दोन दशकांनी सुरू झाली आणि त्याच अधिवेशनाच्या मागोमाग निष्प्रभ झाली, हे त्या कौशल्याचे फलित होते, आणि ते नोंदवण्याची जबाबदारी मूल्यमापन करणाऱ्यावर आहे.

आता ६ डिसेंबर १९९२. या सत्राचे शीर्षक ‘अयोध्या: एका पंतप्रधानाची असहायता’ असे होते. व्याख्यात्यांची मांडणी अशी होती: कायदा-सुव्यवस्था राज्याच्या अखत्यारीत, उत्तर प्रदेशात निवडून आलेले सरकार, त्या सरकारने सर्वोच्च न्यायालयाला बाबरी मशिदीच्या रक्षणाची हमी दिलेली, राज्यपालांचा सल्ला सरकार बरखास्त करण्याविरुद्ध, आणि गुन्हा घडण्याआधी राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ लावले तर न्यायालयात टिकण्याची खात्री नाही. मशीद पाडल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या लिबरहान आयोगाने रावांना दोषी धरले नाही, हेही सांगितले गेले. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. न सांगितलेल्या गोष्टीही तितक्याच खऱ्या आहेत, आणि त्यातल्या दोन तर मराठी माणसांशी संबंधित आहेत. त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री होते शंकरराव चव्हाण आणि गृहसचिव होते माधव गोडबोले. गोडबोले यांच्या मंत्रालयाने वास्तू ताब्यात घेऊन तिचे रक्षण करण्याची आणीबाणीच्या प्रसंगासाठीची योजना आधीच तयार केली होती. कलम ३५६ चा वापर हा तिचा भाग होता. ती योजना पंतप्रधानांनी मान्य केली नाही. मार्च १९९३ मध्ये गोडबोले सेवेतून स्वेच्छेने बाहेर पडले आणि पुढे त्यांनी या सगळ्यावर सविस्तर लिहिले. नागपुरात, मराठी श्रोत्यांपुढे, मराठीत चाललेल्या सत्रात या गृहसचिवाचे नावही निघू नये, हे मला समजले नाही.

असहायता हा शब्द मला या प्रसंगी मान्य नाही. केंद्रीय दले फैजाबाद परिसरात हजर होती. दुपारी पाडापाडी सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही घुमट पडले. त्या सगळ्या वेळात केंद्राकडून निर्णायक आदेश गेला नाही, आणि राष्ट्रपती राजवट लागली ती सगळे संपल्यावर. राव पडद्याआड साधू-महंतांशी, संघपरिवारातल्या नेत्यांशी, मुस्लिम प्रतिनिधींशी बोलत राहिले, आणि प्रत्येकाशी झालेल्या बोलण्यावर त्यांचा भरवसा होता. अर्थव्यवस्थेत ज्या सवयीने त्यांना यश दिले, तीच सवय येथे नडली. परवाना पद्धत फायलीवर संपवता येते, कारण ती फायलीवरच जगत होती. रस्त्यावर उतरलेल्या जनआंदोलनापुढे मात्र पंतप्रधानाला लोकांसमोर उभे राहून, पुरेसे आधी, स्पष्ट शब्दांत सांगावे लागते की येथपर्यंतच, यापुढे नाही. ते त्यांनी केले नाही. मशीद पुन्हा बांधू, असे त्यांनी पाडकामानंतर देशाला सांगितले. तो शब्दही पाळला गेला नाही. त्यानंतर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. महाराष्ट्राने या विलंबाची जी किंमत दिली, ती ‘असहायता’ या शीर्षकाखाली झाकून जाते. आणि ज्या राज्यघटनेच्या मर्यादा डिसेंबरच्या सहा तारखेपर्यंत आड येत होत्या, त्यांचा विचार पंधरा तारखेला मध्य प्रदेश, राजस्थान आणि हिमाचल प्रदेशची सरकारे बरखास्त करताना वेगळ्या तऱ्हेने झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात ती बरखास्ती वैधही ठरवली.

याच ठिकाणी नागपूरचा एक संदर्भ व्याख्यात्यांनी आणला आणि तो चांगला मांडला. १० डिसेंबरला राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी आली, आणि जून १९९३ मध्ये न्यायाधिकरणाने ती बंदी समर्थनीय ठरत नसल्याचे सांगून उठवली. संघाचे मुख्यालय असलेल्या या शहरात त्या बंदीविषयी दोन्ही बाजूंनी तीव्र भावना आहेत. व्याख्यात्यांनी कोणाला न डिवचता कायदेशीर बाजू समजावून दिली. घाईने काढलेला, पुराव्याने पुरेसा न बांधलेला आदेश कसा कोसळतो, याचे ते उदाहरण होते. त्यांची मांडणी चुकते तेथे, जेथे आदेश घाईचा का झाला याचे उत्तर द्यायचे असते: वेळेवर न घेतलेल्या निर्णयाची भरपाई नंतरच्या कठोरपणाने करण्याचा तो प्रयत्न होता.

या वर्गातील सर्वांत दुबळा भाग होता २८ जुलै १९९३ च्या अविश्वास ठरावाचा. सरकारच्या बाजूने २६५ आणि विरोधात २५१ मते पडली. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना मतांसाठी पैसे दिल्याचा आरोप झाला. खटला उभा राहिला, आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी असे ठरवले की लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला सभागृहातल्या मतासाठी खटल्यापासून मुभा देणाऱ्या घटनेच्या कलम १०५ (२) चे संरक्षण आहे, लाच देणाऱ्याला मात्र नाही. २००० मध्ये विशेष न्यायालयाने राव आणि बुटा सिंग यांना दोषी ठरवले. २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली. व्याख्यात्यांनी निर्दोष मुक्ततेचा उल्लेख ठळकपणे केला, आणि तो करायलाच हवा होता, कारण ज्याला न्यायालयाने सोडले त्याला गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु राजकीय वारसा म्हणजे एका व्यक्तीचा दोष सिद्ध होणे किंवा न होणे एवढेच नसते. त्या प्रकरणातून निघालेला कायदा पाव शतकाहून अधिक काळ या देशात लागू राहिला: मत विका, पण मत द्या, म्हणजे खटला नाही. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने तो निकाल रद्द केला. रावांना भारतरत्न जाहीर झाले ते त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला. या दोन तारखांमध्ये महिन्याचेही अंतर नाही, आणि दोन्ही रावांच्याच वारशाच्या आहेत. पुस्तिकेत भारतरत्नाला रंगीत चौकट आहे; मार्चच्या निकालाचा उल्लेख नाही. पुढच्या आवृत्तीत ही दुरुस्ती झालीच पाहिजे, असे मी अर्जात लिहून दिले आहे.

टीका करताना एका गोष्टीचे श्रेय मात्र व्याख्यात्यांनीच रावांना दिले नाही, याचे मला नवल वाटते. ज्या डिसेंबरमध्ये अयोध्येत घुमट पडले, त्याच डिसेंबरच्या २२ आणि २३ तारखांना संसदेने पंचायती आणि नगरपालिकांविषयीच्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या मंजूर केल्या. राजीव गांधींच्या काळातला असाच प्रयत्न १९८९ मध्ये राज्यसभेत फसला होता. अल्पमतातल्या सरकारने तो सर्वांना सोबत घेऊन तडीस नेला. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव झाल्या, मुदतीत निवडणुका घेण्याचे बंधन आले आणि राज्य निवडणूक आयोग अस्तित्वात आले. रामटेक, पारशिवनी, मौदा या तालुक्यांतल्या कितीतरी सरपंच महिलांच्या सार्वजनिक आयुष्याची वाट तेथून निघाली. हे काम आडून झाले नव्हते. समित्यांत, सभागृहांत, उघड चर्चेतून झाले. म्हणूनच ते मला रावांच्या कारकिर्दीतले सर्वांत निरोगी काम वाटते. ‘चाणक्य’ शोधायला बसलेल्या व्याख्यात्यांना ते दिसले नाही, कारण त्यात डावपेच फारसे नव्हते.

परराष्ट्र धोरणाचे सत्र आटोपशीर आणि निर्दोष होते. जानेवारी १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, पूर्वेकडच्या देशांकडे वळलेली दृष्टी, सप्टेंबर १९९३ चा चीनबरोबरचा सीमाशांतता करार, मार्च १९९४ मध्ये जिनिव्हात काश्मीरच्या प्रश्नावर विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे नेतृत्व देणे, या सर्वांचे श्रेय रावांना मिळायला हवे आणि ते मिळाले. येथे संयम आणि गुप्तता हे गुणच आहेत, त्यामुळे या सत्राविषयी माझी काहीच तक्रार नाही.

१९८४ चा उल्लेख मात्र टाळायला नको होता. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे शिरकाण झाले तेव्हा राव देशाचे गृहमंत्री होते आणि दिल्लीचे पोलीस त्यांच्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, डिसेंबरच्या अखेरीस, रामटेकने त्यांना निवडून दिले. अयोध्येच्या वेळी जी दिरंगाई दिसली ती अचानक उगवलेली नव्हती. आठ वर्षांपूर्वी ती एकदा दिसून गेली होती. पुस्तिकेच्या जीवनपटात ‘१९८४: गृहमंत्री, रामटेकमधून विजयी’ अशी ओळ आहे. त्या स्वल्पविरामात नोव्हेंबर महिना गडप झाला आहे.

रामटेकची सहल आनंददायी झाली. बस वेळेवर निघाली, मनसरमार्गे आम्ही सकाळीच पोहोचलो, गडमंदिर आणि कालिदास स्मारक पाहून झाले. पण ज्या हेतूने ही सहल शुल्कात धरली होती, त्या हेतूसाठी काहीच योजले नव्हते. खासदार म्हणून रावांनी या मतदारसंघासाठी काय केले आणि काय केले नाही, यावर गडावर उभे राहून अर्धा तास बोलायला व्याख्याता हवा होता. मिळाली ती तीर्थक्षेत्राची माहिती. परतीच्या वाटेवर एका निवृत्त शिक्षिकेने ही उणीव आपणहून भरून काढली. राव मनुष्यबळ विकास मंत्री असताना १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि नवोदय विद्यालयांची योजना सुरू झाली. देशातल्या अगदी पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीत निघाले आणि नागपूर जिल्ह्याचे नवोदय पारशिवनी तालुक्यात नवेगाव खैरीला आहे. त्यांच्या शाळेतली खेड्यातली मुले सहाव्या वर्गाच्या प्रवेशपरीक्षेला बसत, निवडलेल्यांची यादी लागली की पालक ती वाचायला शाळेत येत आणि वाचता न येणारे त्यांना नाव शोधून द्यायला सांगत, हे त्यांनी बसच्या मधल्या वाटेत उभे राहून सांगितले, तेव्हा सगळी बस शांत ऐकत होती. एका नेत्याच्या वारशाचा हा भाग कोणत्याही व्याख्यानात आला नाही. दुसरी बाजूही लगेच एका कामठीच्या गृहस्थांनी मांडली: पंतप्रधान होताच हा नेता नंद्याळला गेला, रामटेकशी त्याचे नाते तेथेच सुटले, आणि १९९९ मध्ये काँग्रेसचा हा बालेकिल्ला शिवसेनेकडे गेला. एवढ्या वर्षांच्या बदलाला केवळ राव जबाबदार नाहीत, परंतु मतदारसंघ हे सोयीचे ठिकाण मानले की कार्यकर्ता उरत नाही, हा त्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा होता. बसमधली ही चर्चा ध्वनिमुद्रित करून पुस्तिकेला जोडली असती, तर शुल्क दुप्पट असते तरी मी आनंदाने दिले असते.

आता प्रश्नोत्तरांविषयी. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, सूत्रसंचालकांनी त्यातले निवडायचे आणि व्याख्यात्यांनी उत्तरे द्यायची, अशी पद्धत होती. गोडबोले यांच्या योजनेविषयी मी चिठ्ठी दिली होती; ती वाचली गेली नाही. झारखंड मुक्ती मोर्चाच्या प्रकरणावर माझ्या शेजारच्या तरुण वकिलाने दिलेली चिठ्ठीही राहिली. वाचले गेलेले प्रश्न रावांना किती भाषा येत, ते संगणक कसे शिकले, अशा स्वरूपाचे होते. आयोजकांचा हेतू वाद टाळण्याचा असणार, आणि शहरातले वातावरण पाहता ती काळजी मी समजू शकतो. तरीही दीड हजार रुपये भरून, सुट्टीचे दिवस देऊन आलेले श्रोते भांडायला आलेले नसतात. त्यांना ध्वनिक्षेपक हातात द्यावा, दोन मिनिटांची मर्यादा घालावी आणि व्याख्यात्यांनी समोरासमोर उत्तर द्यावे. राजकीय वारशाच्या मूल्यमापनात अवघड प्रश्न बाजूला पडले तर शिल्लक राहते ते गौरवगान.

हा वर्ग कोणी करावा? १९९१ नंतर जन्मलेल्यांनी आर्थिक सुधारणांच्या आणि परराष्ट्र धोरणाच्या सत्रांसाठी जरूर करावा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना त्यांतून पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक मिळेल. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांनी स्वतःची टिपणे घेऊन जावे आणि चिठ्ठीवर न थांबता उभे राहून बोलावे. आयोजकांनी पुढच्या तुकडीसाठी तीन गोष्टी कराव्यात, असे मी सुचवले आहे: अयोध्येच्या सत्रात गोडबोले यांची बाजू समाविष्ट करावी, १९९८ आणि २०२४ चे दोन्ही निकाल एकत्र शिकवावेत, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीवर स्वतंत्र सत्र ठेवून त्यासाठी रामटेक तालुक्यातल्या एखाद्या सरपंच महिलेला बोलवावे. पुढची तुकडी दिवाळीनंतर असल्याचे आयोजकांनी सांगितले आहे. शुल्क तेवढेच राहणार असून नोंदणी शंकरनगरच्या सभागृहात संध्याकाळी होते. मुखपृष्ठावरचे ते दोन शब्द तोवर बदलता आले तर पुस्तिका नव्याने छापण्याच्या खर्चात वर्गणी द्यायला मी तयार आहे, हेही त्यांना कळवले आहे.